कागदावरचा मालक

अलेक्झांड्रिया,
१२ जानेवारी

प्रिय शहाता,

तुला माझे आणि तुझ्या दोन्ही भाच्यांचे सलाम. तू बरा आहेस, दोन वेळा जेवतोस आणि वाळवंटातल्या थंडीत अंगावर काहीतरी जाड घेतोस, असं मी धरून चालते. खरं काय ते तू कळवत नाहीस. तुझा जुना नंबर बंद आहे आणि नवा तू देत नाहीस. म्हणून हे पत्र सीवाला गाडी नेणाऱ्या दसूकीच्या हाती देते आहे. तो म्हणाला, तू खजुराच्या गोदामात आहेस, दाढी वाढवली आहेस आणि तिथले कारकून सालेमभाऊ तुला पत्र वाचून दाखवतील. सालेमभाऊंनाही माझे सलाम. माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्यावं.

दुआची सहामाही झाली. गणितात काठावर वाचली, बाकी बरं. रीहामला औषधाच्या दुकानात काम मिळालं. पांढरा डगला घालून जाते आणि घरी येऊन मलाच गोळ्या सांगते. माझं शिलाईचं चाललंय. शाळेचे गणवेश आलेत, एकशे वीस सदरे, सगळ्यांच्या कॉलरी उलट्या बेतलेल्या. ज्याने बेतले त्याचे हात सोन्याने मढवायला हवेत.

आता इमारतीचं. खाली हाजी मुतवल्लीची ती दोन दुकानं आहेत ना, ती तो एक करतोय. फर्निचरचं मोठं दालन काढायचंय म्हणे. शटर ओढलेलं असतं आणि आत हातोडे चालू असतात. अकरा दिवस झाले. पहिले चार दिवस आम्ही आवाजाला शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी जिन्यात भेग दिसली. आता ती दुसऱ्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत गेली आहे आणि तिच्यात माझं करंगळीचं नख मावतं. सातव्या मजल्यावरची उम्म हाशिम न्हाणीत गेली आणि दारच उघडेना. दाराची चौकट तिरकी झालेली. पाऊण तास आतून सगळ्या खानदानाचा उद्धार करत होती. शेवटी सुताराने दार तासलं. आता ते बंदच होत नाही, म्हणून ती आंघोळ करताना मोठमोठ्याने गाते, म्हणजे कुणी आत येऊ नये.

हसलास ना? आम्हीही हसलो. मग चौथ्या मजल्यावरच्या लबीबमास्तरांनी हसणं बंद केलं. तू त्यांना ओळखतोस, तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, खिशात कायम पेन्सिल. त्यांनी भेगेवर पाच ठिकाणी ओलं प्लास्टर थापलं आणि प्रत्येकावर तारीख घातली. म्हणाले, "भेग झोपलेली असेल तर हे तसंच राहील. जागी असेल तर तडकेल." तिसऱ्या दिवशी पाचही तडकले.

मास्तरांच्या घरी सगळे जमले. चहा झाला, आवाज चढले, आणि पालिकेत अर्ज द्यायचा ठरला. पण पहिलं नाव कुणाचं? बाराव्या मजल्यावरचा फारिस म्हणाला, "अर्ज केला की घरं खाली करायला लावतील. मी चार पोरांना घेऊन समुद्रात राहू का?" दुसरा म्हणाला, "हाजीचे हात लांब आहेत." एकेक जण बुटात पाय घालायला लागला. मग मी कागद ओढला आणि पहिल्या ओळीत लिहिलं: तहानी अब्दुलआल, तिसरा मजला. माझ्या खाली मास्तर. मग उम्म हाशिमने अंगठा दिला. संध्याकाळपर्यंत एकोणतीस सह्या झाल्या. फारिसची शेवटची, तीही वाचता येणार नाही अशी.

पालिकेत खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज वाचला आणि बोट ठेवलं. "मालकाचं नाव कुठे आहे?"

मी म्हटलं, "इमारत हाजी मुतवल्लीने बांधली, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

"गल्लीला माहीत असलेलं मला चालत नाही बाई. कागदावर कोण आहे ते लिहा, नाहीतर घेऊन जा."

अर्ज आम्ही देऊन आलो. बाकी पुढच्या पत्रात लिहीन. डोळे दुखतायत आणि कॉलरी उसवायच्यात.

जपून राहा.

तुझी,
तहानीताई


३ फेब्रुवारी

प्रिय शहाता,

सलाम. दुआने तुझ्यासाठी लोकरी टोपी विणली आहे, दसूकीकडे दिली आहे. एका बाजूला जरा लांब आहे, पण तिला तसं म्हणू नकोस.

पालिकेचं उत्तर आलं. पोस्टमनने माझ्या हातात पाकीट दिलं, त्यावर तुझं नाव. 'श्री. शहाता अब्दुलआल, मालक, यांस: आपल्या इमारतीतील रहिवाशांची तक्रार आली असून आपण पंधरा दिवसांत योग्य ती दुरुस्ती करावी.' आम्ही ओरडलो आणि त्यांनी आमचं ओरडणं तुझ्याकडे पाठवून दिलं. पोचपावतीवर सही कुणी केली? मीच.

तेव्हा तुला कळलंच असेल, मी त्या रकान्यात काय लिहिलं. मागच्या पत्रात कॉलरींच्या मागे लपले. मी तुझं नाव लिहिलं शहाता. दुसरं कुठलंच नाव त्यांना चाललं नसतं. चार मजल्यांची परवानगी, त्यावर उभे बारा मजले, आणि सगळीकडे सही तुझी. इथे तुझ्यासारख्याला काहूल म्हणतात, तुलाही ठाऊक आहे. इमारत त्याच्या नावावर, दंड आणि खटले त्याच्या नावावर, आणि त्याची स्वतःची एक वीटही नाही. या शहरात असे किती असतील ते देवालाच माहीत. आमच्या जिन्यात पोरं सुद्धा मस्करी करतात. पाणी गेलं की ओरडतात, "मालकांना बोलवा, खजूर खात बसलेत." मी ऐकते आणि शिलाई मशीन जोरात फिरवते.

पालिकेची कमिटीही आली. तिघे जण. जिना पाहिला, भेगेत पेन घातलं, आणि मग हाजीने कोपऱ्यावरून चहा मागवला. दुकानाचं शटर उघडा म्हटलं तर म्हणे कुलूप आहे, किल्लीवाला मुलगा मन्सूराला गेलाय. अहवालात काय लिहिलं ऐक: 'गिलाव्याला किरकोळ भेगा.' मास्तर त्यांच्या मागे जिना उतरत सांगत होते, आत खांब तोडलाय, मी आवाजावरून ओळखतो, वीट फोडल्याचा आवाज वेगळा आणि सिमेंटचा वेगळा. त्यातला एक म्हणाला, "मास्तर, तुम्ही निवृत्त झालात ना? मग आराम करा." मास्तर मागे फिरले आणि जिना चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी हाजी माझ्याकडे आला. हातात बसबूसा मिठाईचा डबा. जणू साखरपुड्यालाच आला होता.

"काय तहानी, बरी आहेस ना? मुली मोठ्या झाल्या गं."

"छप्पर डोक्यावर पडलं नाही तर आणखी होतील."

"जीभ तशीच आहे तुझी. अगं, मी खाली नुसता जुना रंग खरवडतोय."

"हातोड्याने? पाच वर्षांच्या इमारतीत?"

तो हसला आणि ऐसपैस बसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ. मी कोण? मी भाडेकरू. तुझ्या भावाचा भाडेकरू. दुकानाचा रीतसर भाडेकरार आहे माझ्याकडे, त्याच्या सहीचा. काही झालं तर आत जाणार तो. काही झालं नाही आणि तुम्ही नुसती बोंब मारत राहिलात, तरी आत जाणार तोच. तू बहीण आहेस ना त्याची? अर्ज मागे घे. गैरसमज झाला होता असं लिही."

मी एवढंच म्हटलं की विचार करते. डबा मी परत दिला नाही, मुलींनी खाल्ला. रागाच्या भरात गोड फेकून देण्याइतके आपण श्रीमंत नाही.

आणि त्याच संध्याकाळी दसूकी तुझा निरोप घेऊन आला. बिचारा दारातच उभा राहिला, मान खाली घालून. म्हणाला, "ताई, शहाताने सांगितलंय तसंच सांगतो, माझा दोष नाही. तो म्हणाला, ताईने मला एकदा विकलं. आता दुसऱ्यांदा विकतेय का?"

मी त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर तुला एक पत्र लिहिलं, फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. हे तिसरं. यात मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, कारण अजून धीर होत नाही. एवढंच सांगते की अर्ज मागे घेणार नाही. तू रागाव. तुला तो हक्क आहे.

टोपी घाल मात्र.

तहानीताई


१४ फेब्रुवारी

शहाता,

सालेमभाऊ, हे पत्र तुम्ही त्याला वाचून दाखवाल तेव्हा एक विनंती आहे. यातलं एक अक्षरही गाळू नका. त्याला वाईट वाटेल म्हणून सुद्धा नको. गाळायचं काम मी आधीच केलेलं आहे, त्याचंच हे पत्र आहे.

तू विचारलंस, तुला विकलं का. हो, विकलं.

दुआचे वडील बंदरात क्रेनखाली गेले तेव्हा मुली चौदा आणि आठ वर्षांच्या होत्या. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले आणि सासरच्यांनी माझी गादी जिन्यात आणून ठेवली. तू एकवीस वर्षांचा होतास. मासळीबाजारात बर्फाच्या लाद्या उचलायचास आणि मजुरी आईच्या हातात ठेवायचास. हाजी आधी तुझ्याकडे आला, असं तुला वाटतं. तो आधी माझ्याकडे आला होता. आईच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "मला एक नाव हवंय. ज्याच्यावर जमीन नाही, खटला नाही, बायकापोरं नाहीत असं. बदल्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या तुझ्या नावावर."

मी विचारलं, "नाव देणाऱ्याचं काय होतं?"

तो म्हणाला, "काही नाही. दंड होतो, तो मी भरतो. वकील माझा." आणि वर म्हणाला, "फारच झालं तर काही महिने आत. तरुण पोरगा आहे, निभावून नेईल."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं शहाता. नीट ऐकलं. तुला सांगताना मी दंडापर्यंत आले आणि थांबले.

नोंदणी कचेरीत तुला आठवतं का? तो लाकडी बाक, तो पंखा. सहा पानं होती. तू म्हणालास, "ताई, वाचून दाखव." मी पहिलं पान वाचलं. जागेचा पत्ता, गल्लीचं नाव, उत्तरेला काय, दक्षिणेला काय. मग पानं बंद केली आणि म्हटलं, बाकी सगळं असंच आहे. तू हसलास आणि म्हणालास, "म्हणजे मी जमीनदार झालो." आणि सही केलीस, ती मीच शिकवलेली, मोठमोठ्या अक्षरांची. दुसऱ्या पानापासून बांधकामाची सगळी जबाबदारी तुझी असं लिहिलेलं होतं. मला वाचता येतं. मी वाचलं होतं.

तू मला खोली दिलीस असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आले. खोली मी घेतली. तुझ्यावर पहिला खटला झाला तेव्हा तू पळालास, आणि मी लोकांना सांगितलं की भाऊ चांगल्या नोकरीवर गेला. आई गेली तेव्हा तुला जनाज्याला येता आलं नाही. लोकांना मी सांगितलं, गाडी वाटेत बंद पडली. कबरीवर उभी राहूनही मी खोटंच बोलत होते.

हे आजवर का लिहिलं नाही, तर मला वाटायचं, लिहिलं की मुलींच्या डोक्यावरचं छप्पर जाईल. आता ते छप्परच खाली येऊ बघतंय.

आता पुढचं ऐक, कारण हेच खरं कामाचं आहे.

पालिकेत एक नवी इंजिनिअर आली आहे, शाहिनाझ. वयाने रीहामहून थोडी मोठी. मी आठ दिवस रोज तिच्या दारात बसले. शिलाई सोबत न्यायचे, तिथेच बटणं लावायचे. नवव्या दिवशी ती म्हणाली, "ताई, तुम्ही इथे दुकान थाटलंय का?" मी म्हटलं, "शटर उघडेपर्यंत." तिने फाइल काढली. पानं उलटता उलटता एका जागी थांबली आणि हाजीचा तो भाडेकरार पुन्हा वाचला. मग मला म्हणाली, "हा माणूस स्वतःच्या जाळ्यात अडकलाय. त्याने स्वतःला भाडेकरू करून घेतलंय. भाडेकरूला मालकाशिवाय भिंत सुद्धा हलवता येत नाही. मालक स्वतः माझ्यासमोर आला आणि म्हणाला की माझ्या दुकानात माझ्या परवानगीशिवाय तोडफोड चालली आहे, तर मी त्याच दिवशी पोलीस घेऊन कुलूप तोडते. मालक नसेल तर मला सरकारी वकिलांचा आदेश लागेल. त्याला दीड-दोन महिने."

मी विचारलं, दोन महिने इमारत थांबेल का? ती म्हणाली, "ताई, मी आत पाहिलेलं नाही. मी काय सांगू?" पण तिने माझ्या नजरेला नजर दिली नाही.

मास्तरांचं प्लास्टर आता दिवसात तडकतं. हाजीची माणसं हातोडे रात्री आवरतात आणि सकाळी पुन्हा सुरू. उम्म हाशिमच्या स्वयंपाकघरात फरशीवर कांदा ठेवला तर घरंगळत जाऊन भिंतीला लागतो. ती तो खेळ पाहुण्यांना दाखवते. एकशे त्र्याऐंशी माणसं राहतात इथे. मास्तरांनी मोजली, तान्ही धरून.

मी तुला ये म्हणत नाही. आलास तर शाहिनाझबाईंच्या खोलीतून तू बाहेर पडशील तो थेट पोलिसांच्या गाडीत, कारण तुझ्यावर अटकेचा जुना हुकूम आहे. वकील म्हणतो सहा महिने, कदाचित वर्ष. इमारत पडण्याआधी मालक स्वतः आला म्हणून न्यायाधीश थोडं हलकं करतील, कदाचित करणारही नाहीत. आला नाहीस तर तुझा पत्ता मी मेले तरी कुणाला देणार नाही, आणि आदेशासाठी मी एकटी भांडत राहीन. दोन्हीतलं तू काय करशील ते तुझं. मला राग येणार नाही, यायचा हक्कच नाही.

या वेळी मी सगळी पानं वाचून दाखवली आहेत. शेवटच्या पानापर्यंत.

मुलींना हे सगळं परवा सांगितलं. दुआ खूप रडली. रीहाम रडली नाही. ती म्हणाली, "आई, मामाला हे आधी सांगायला हवं होतं." तेवढंच बोलली आणि कामावर गेली. दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये.

तुझी अपराधी,
तहानी


२० मार्च

माझ्या शहाता,

हे पत्र वकिलाच्या हाती देते आहे. तुझ्या बराकीत वाचून दाखवणारा कुणी भला माणूस असावा. भेटीच्या डब्यात भात, तळलेले मासे आणि मुलुखियाची पालेभाजी आहे. मुलुखियात लसूण जास्त झालाय. पहारेकऱ्याने वर हात मारला तर काय उरेल देव जाणे, म्हणून भात दाबून भरलाय.

तुला गाडीत बसवल्यावर काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल.

मी तर अजून लोकांना हेच सांगते आहे, की तू पालिकेच्या जिन्यावर कसा उभा होतास. अंगात धुतलेली लांब गलबिया, दुआची ती वाकडी टोपी, हातात ओळखपत्र. कारकुनाने विचारलं, "कोण तुम्ही?" आणि तू म्हणालास, "मी मालक. शहाता अब्दुलआल. माझ्या इमारतीत चोर शिरलेत." त्या कारकुनाचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्याकडे तू एकदाही पाहिलं नाहीस. बरोबर होतं ते.

शाहिनाझबाईंनी शब्द पाळला. दुपारच्या अजानच्या आधी कुलूप तोडलं. आत दोन खांब. एक मधोमध अर्धा खाल्लेला, आतल्या सळया उघड्या. दुसरा तर उरलाच नव्हता, त्याच्या जागी छताला टेकून दोन लोखंडी पाईप उभे केलेले, खाली विटांचे तुकडे. मास्तर माझ्या मागे उभे होते. एवढंच म्हणाले, "बरोबर ऐकलं होतं मी." आणि खाली जमिनीवरच बसले. बाई बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढरा फटक. "सगळे बाहेर. आत्ता. गॅस बंद करा, लिफ्ट वापरू नका, सामान नको."

शहाता, चार तासांत बारा मजले रिकामे झाले. फारिसने स्वतः सातव्यापर्यंत चढून म्हाताऱ्यांना पाठीवरून आणलं, तोच फारिस. उम्म हाशिम दोन बदकं घेऊन उतरली आणि पोलिसाला म्हणाली, "हे सामान नाही, हे कुटुंब आहे." आम्ही आता दुआच्या शाळेजवळ एका नातेवाइकाच्या खोलीत आहोत, आठ माणसं. मशीन आणता आलं, कारण रीहामने आणि मी ते दोघींनी उचललं. रीहाम आता बोलते माझ्याशी. पूर्वीसारखं नाही, पण बोलते.

हाजी मुतवल्ली म्हणतो, त्याला काही माहीत नाही, खांब आधीपासून तसेच होते. पण दुकानाच्या मजुरांपैकी दोघांनी जबाब दिला आहे, आणि घरं घेताना त्याच्याच हातात पैसे देणारे एकवीस जण साक्षीला नाव लावायला तयार झाले आहेत. एकोणतीसपैकी एकवीस. बाकीचे मूग गिळून बसले. त्यांना मी काही म्हणत नाही. पाच वर्षं मी तेच केलं.

वकील म्हणाला, तू भेटीत एकच प्रश्न विचारलास: पडली का?

नाही शहाता. आज सत्तावीस दिवस झाले, उभी आहे. आणि म्हणून लोक मला टोमणे मारतात. "तहानी, तुझी इमारत अजून पडली नाही गं." फारिसची बायको म्हणाली, "तुझ्या भावाने जेल पत्करली आणि आम्हाला रस्त्यावर आणलं, कशासाठी?" देवाची शपथ, मी एकदा त्या गल्लीतून जाताना थांबून मनात म्हटलं, पड बाई एकदाची. मग स्वतःच्या तोंडात मारून घेतली. ती पडली असती तर सगळ्यांनी तुझे हात चुंबले असते. ती उभी आहे, आणि एकशे त्र्याऐंशी माणसं कुरकुरतायत. उम्म हाशिम रोज सकाळी फोनवर मला शिव्या घालते, पाणी नाही, जागा नाही, बदकांना अंगण नाही. मी सगळं शेवटपर्यंत ऐकते. तिचा आवाज ऐकू येतोय ना, तेवढं मला पुरतं.

पालिकेने आता वरचे आठ मजले उतरवायचा निर्णय घेतला आहे. आमच्या खोल्या राहतील की नाही, माहीत नाही. खरं तर त्या माझ्या नव्हत्याच.

काल मी सरकारी वकिलांपुढे गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. सगळं सांगितलं. हाजी माझ्या दारात आला होता ते, तो काय म्हणाला ते, आणि नोंदणी कचेरीत मी सहातलं एकच पान वाचलं ते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाई, हे मी लिहिलं तर तुम्हीही आरोपी होता. फसवणुकीत सामील. विचार करून सांगा."

मी म्हटलं, लिहा.

तुला त्या कचेरीत घेऊन गेलेली,
तुझी ताई,
तहानी अब्दुलआल